पुस्तक आधी, चिठ्ठी नंतर

सर्वप्रथम क्षमा मागतो. गौरवग्रंथाच्या संपादिका माधुरीताई यांनी हा लेख माझ्याकडे गणपतीच्या आधी मागितला होता. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळीचे कंदील उतरले, आणि मी आज लिहायला बसलो आहे. मध्ये त्यांनी तीन वेळा निरोप धाडला. एकदा मी ताप आहे असं सांगितलं, एकदा पाहुणे आहेत असं, आणि तिसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही. ताप नव्हता आणि पाहुणेही नव्हते. उशिराचं खरं कारण या लेखात पुढे येईल. ते वाचून लेख घ्यायचा की नाही ते ताईंनी ठरवावं. पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ठरवू नये, एवढी विनंती आहे.

माझं नाव दत्ताराम. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे येताना आमचं गाव लागतं. तिथल्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं शिपाई होतो आणि अजूनही किल्ली माझ्याकडेच आहे. झाडलोट करायची, पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि फाटलेल्यांची बांधणी करायची, हे माझं काम. ज्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे त्या श्रीमती इंदुमतीबाई आमच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांना या पंचक्रोशीत कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे सिस्टर म्हणतात. मीही तसंच लिहितो.

सिस्टरांची आणि माझी पहिली भेट माझ्या छातीतल्या कळीमुळे झाली. माझा स्वभाव काळजीचा आहे. कुठे जरा दुखलं की मी बायकोला सगळ्या कागदपत्रांची जागा दाखवून ठेवतो. उपकेंद्रात सिस्टरांनी माझी नाडी पाहिली, नळी लावून छाती ऐकली आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"भात लावलं तेव्हापासून."

"आता भात कापून झालं."

"हो."

"मग मरायला फार वेळ लावलात, दत्तारामभाऊ." असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड कादंबरी काढली. "वाचता येतं ना? रोज जेवणानंतर दहा पानं. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

मी पंधरा दिवसांनी गेलो आणि कादंबरी छान आहे असं सांगितलं. शेवटी काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी अंदाजाने म्हणालो की शेवटी सगळं चांगलं होतं. त्या म्हणाल्या, "शेवटी होडी उलटून सगळे बुडतात." मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आवडली नाही म्हणायला शिक्षण लागत नाही. आवडली म्हणायला मात्र वाचावी लागते." वाचनालयात शिपायाची जागा निघाली तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं. खोटं पकडल्यावरही त्यांनी मला पुस्तकांच्या खोलीत बसवलं, हे मी विसरलेलो नाही.

सिस्टर अकरा गावं पायी हिंडत. एका खांद्याला लसींचा डबा असे आणि दुसऱ्या खांद्याला पिशवीत कादंबरी. वाचून झालेली कादंबरी परत करताना त्या जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून आणत. ती चिठ्ठी मी मैद्याच्या खळीने पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर चिकटवायची, अशी त्यांची शिस्त होती. पहिल्या पानावर नाही, शेवटच्याच. "पुस्तक आधी, चिठ्ठी नंतर," असं त्या प्रत्येकाला बजावत. चिठ्ठी पुस्तकातच असल्यामुळे तिच्यावर पुस्तकाचं नाव त्या कधी लिहीत नसत. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

चिठ्ठीत जे असे ते सरळ असे. माझ्यासमोर आत्ता काही आहेत, त्या उतरवतो. पुस्तकांची नावं आज देत नाही. का देत नाही ते पुढे येईल.

एका ऐतिहासिक कादंबरीवर: "घोडे फार आहेत. राजाला ताप येतो तेव्हा तो प्रथमच माणूस वाटतो. ती दहा पानं दोनदा वाचली. बाकी एकदाच, तेही भरभर."

एका प्रेमकथेवर: "नायिका सतरा वेळा रडते. तिला पाणी प्यायला कुणी देत नाही."

किनाऱ्यावरच्या एका कादंबरीवर: "लेखकाने समुद्र खिडकीतून पाहिला आहे. भरतीच्या वेळा चुकल्यात. पण त्यातली मासळी विकणारी म्हातारी खरी आहे. तिच्यासाठी वाचावी."

खेड्यावरच्या एका गाजलेल्या कादंबरीवर: "गावात सगळे दुष्ट आणि शिकून आलेला एकटा सज्जन. असं गाव अजून माझ्या वाटेवर लागलं नाही."

एका रहस्यकथेवर: "खुनी चाळिसाव्या पानावर कळला. तरी संपवली, कारण जेवणाची वर्णनं उत्तम."

आणि एका नव्या धर्तीच्या कादंबरीवर: "मला समजली नाही. दोष कुणाचा ते ठरवता येत नाही. ज्याला समजेल त्याने खाली लिहावे." या चिठ्ठीखाली त्यांनी चार बोटं जागा सोडली होती.

त्यांच्या सचोटीचा एक प्रसंग सांगतो. मुंबईचे एक लेखक दिवेआगरात वाडी घेऊन राहायला आले. त्यांनी वाचनालयाला आपली कादंबरी भेट दिली आणि पुढच्या महिन्यात कार्यक्रम ठरला. सिस्टरांनी चिठ्ठी दिली, "पहिला भाग मन लावून लिहिला आहे. पुढचे तीन घाईने." आमचे अध्यक्ष नाना घाबरले. कार्यक्रम होईपर्यंत तरी चिठ्ठी काढा, असं मला म्हणाले. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढा. सोबत माझं सभासदाचं कार्डही काढा. दोन्ही एकाच पाकिटात घाला." नानांनी चिठ्ठीला हात लावला नाही.

लेखक आले आणि त्यांनी नेमकं शेवटचं पान उघडलं. वाचून त्यांनी विचारलं की या सिस्टर कोण. मग समोर येऊन म्हणाले, "घाई कशी ओळखलीत?"

"एकशे दहाव्या पानावर बाईंच्या पायाला प्लास्टर आहे. एकशे बाराव्या पानावर त्या धावत जिना उतरतात. दोन पानांत हाड जुळत नाही, साहेब. सहा आठवडे लागतात."

लेखकांनी ती दोन्ही पानं उघडून पाहिली. मग हसले. त्यानंतर ते नवीन लिहिलेलं आधी सिस्टरांकडे पाठवू लागले आणि सिस्टर ते लाल पेन्सिलीने खुणा करून परत करू लागल्या.

मत परखड असलं तरी त्यांनी ते दुसऱ्यावर कधी लादलं नाही. कोळीवाड्यात लसीकरणाला गेल्या की मासळी सुकवायच्या जागेवर बायकांना त्या कादंबरी वाचून दाखवत. बायकांना रडक्या कादंबऱ्या आवडत, म्हणून सिस्टर स्वतःला न आवडणारी पुस्तकं मुद्दाम शोधून नेत. मी एकदा सोबत होतो. वाचन रंगात आलं होतं आणि एक वयस्क कोळीण बोंबील वलणीवर टाकता टाकता म्हणाली, "सिस्टर, ती बाय एवढी रडते कशाला? तिला आमच्याकडं धाडा. दोन दिस बोंबील साफ करील, सगलं रडनं इसरंल."

दुसरी म्हणाली, "तू गप ग. तुझा नवरा गेलेला तवा तू काय गानी म्हनत होतीस?"

सगळ्या हसल्या. सिस्टरांनी पान उलटलं नाही. थोड्या वेळाने त्या पहिलीनेच सांगितलं, "वाचा पुढं. बघू कवा थांबते ती." परतताना मी सिस्टरांना विचारलं की चिठ्ठीत तर तुम्ही या कादंबरीला नावं ठेवली आहेत, मग वाचून का दाखवता. त्या म्हणाल्या, "मला आवडत नाही हे माझं. त्यांना आवडतं हे त्यांचं. औषध एकच असलं तरी डोस माणूस बघून द्यायचा."

आता उशिराचं कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी ते मोठं वादळ झालं तेव्हा वाचनालयाचे पत्रे उडाले. वाड्यांतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या तसं आमचं कादंबऱ्यांचं कपाटही आडवं झालं आणि भिजलं. मी पुस्तकं उन्हात उघडी करून सुपारीच्या खळ्यावर वाळत घातली. पुस्तकं बरीचशी बचावली, पण खळ सुटली आणि चिठ्ठ्या निघून आल्या. वाऱ्याने त्या एकत्र झाल्या. मी त्या बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या. एकसष्ट होत्या.

इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडायची वेळ आली. डबा माझ्याजवळ होता आणि कुठली चिठ्ठी कुठल्या पुस्तकातली ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती पुस्तकं मी पुसली, शिवली, चिकटवली, पण त्या पहिल्या फजितीनंतर एकही कादंबरी पुरी वाचली नव्हती. आपलं मत चुकलं तर, या भीतीने मी मत होईल इतकं वाचतच नव्हतो. त्याच वेळी सिस्टरांच्या डोळ्यांचा त्रास वाढून त्यांचं येणं बंद झालं होतं. त्यांना जाऊन विचारायला हवं होतं. मला लाज वाटली. मी मुखपृष्ठं पाहून चिठ्ठ्या लावल्या. होडीचं चित्र असेल तिथे समुद्राची, फेटा असेल तिथे घोड्यांची. चित्र नसेल तिथे हाताला येईल ती.

इतक्या वर्षांत एकाच माणसाने तक्रार केली. बोर्लीचे शिंपी रमजानभाई एकदा पुस्तक घेऊन आले. "दत्तारामभाय, सिस्टर लिहितात खुनी चाळीसव्या पानावर कळतो. मी चार दफा चाळीसवं पान वाचलं. तिथं हळद चाललीय. खून कुठाय?"

मी म्हटलं, "नीट वाचा."

"नीटच वाचलं. नवऱ्यामुलावर शक घेऊ काय?"

मी पुस्तक काढून घेतलं आणि त्यांना दुसरं दिलं. हे माझं वागणं होतं.

यंदा श्रावणात माधुरीताई आल्या. त्यांनी कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढले. ग्रंथात 'सिस्टरांचे अभिप्राय' असा विभाग करायचा, वर कादंबरीचं नाव आणि खाली अभिप्राय, असं त्या आनंदाने सांगत होत्या. ज्या बाईंनी नानांसाठीही एक चिठ्ठी काढू दिली नाही, त्यांच्या नावावर एकसष्ट खोटी मतं छापली जाणार होती, आणि तीही त्यांच्याच गौरवग्रंथात. मी गप्प राहिलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सव्वीस वरसं भाईरची धूळ झटकलीत, आता आतली झटका. रडून काय होनार न्हाय."

मी वाचायला बसलो. सकाळी वाचनालय उघडण्याआधी आणि दुपारी जेवणानंतर. दहा पानांनी सुरुवात केली, नंतर वीस, मग दिवसाला अर्धी कादंबरी. आधी पुस्तक पुरं करायचं, मग डबा उघडायचा आणि चिठ्ठी शोधायची. चुकीच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोडवून पुन्हा डब्यात घेतल्या होत्या. नऊ कादंबऱ्या झाल्यावर मला कळलं की हे लपून करण्यासारखं काम नाही. मी सिस्टरांकडे गेलो.

त्या पडवीत बसून हाताच्या अंदाजाने वाल सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"किती वर्षं?"

"वादळापासून."

"आणि तक्रार कुणी केली?"

"एकट्या रमजानभाईंनी." मी हळदीची हकिकत सांगितली. त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"चुकीचं लावलंत याचं मला एवढं वाईट वाटत नाही," त्या म्हणाल्या. "प्रेमकथेवर घोडे फार आहेत असं वाचूनही लोक गप्प राहिले. म्हणजे त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मी औषध जास्त दिलं, दत्तारामभाऊ."

मी म्हटलं की आता तुम्हीच सांगा कुठली चिठ्ठी कुठे, म्हणजे चार दिवसांत काम होईल. त्या म्हणाल्या, "सांगणार नाही. वाचा आणि लावा. आणि नुसतं जुळवू नका. तुम्हाला कशी वाटली तेही सांगा. न सांगता लावलेली चिठ्ठी मी मोजणार नाही."

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी मी त्यांच्या पडवीत जातो. आधी माझं मत सांगतो, मग त्यांची चिठ्ठी वाचतो. जोडी बरोबर असेल तर त्या "हं" म्हणतात. चूक असेल तर वाल सोलत राहतात. घोड्यांची कादंबरी मला आवडली, घोड्यांसकट, असं मी भीतभीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आवडू दे. घोडे तुमचे, ताप माझा."

एकदा त्यांचं स्वतःचंच एक जुनं मत निघालं. घर सोडून जाणाऱ्या एका बाईची ती कादंबरी. चिठ्ठीत होतं, "हिने जायला नको होतं. मुलांचा विचार करायला हवा होता." सिस्टरांनी ती कादंबरी माझ्याकडून पुन्हा पुरी वाचून घेतली. बारा दिवस लागले. शेवटी म्हणाल्या, "खाली लिहा, चुकले होते. गेली ते बरं केलं." मी विचारलं की आधीचं खोडू का. "खोडू नका. दोन्ही माझीच आहेत." पंच्याहत्तराव्या वर्षी दिसत नसताना स्वतःची चूक बारा दिवस ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. या ग्रंथात त्यांच्याविषयी पुष्कळ चांगलं लिहिलं जाईल. मला या एका गोष्टीपुढे काही सुचत नाही.

आज एकसष्टपैकी पंचावन्न चिठ्ठ्या आपापल्या जागी आहेत. त्यातली शेवटची गेल्या आठवड्यात लागली. ती न समजलेल्या कादंबरीची. त्या कादंबरीत एक माणूस एक पत्र लिहितो आणि दोनशे पानं ते टाकत नाही. पेटीपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा वाचतो, घडी घालतो. बाकी काही घडत नाही. मी ती दोन दिवसांत संपवली. चिठ्ठीखालच्या चार बोटं जागेत पेन्सिलीने लिहिलं, "सिस्टर, मला समजली. त्याला भीती वाटते. तेवढंच आहे." पडवीत जाऊन ते वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कशाने लिहिलंत?"

"पेन्सिलीने."

"शाईने लिहा."

त्याच दिवशी घरी येऊन मी शाईने लिहिलं, आणि आज हा लेख सुरू केला.

माधुरीताई, सहा कादंबऱ्या उरल्या आहेत. त्यातल्या दोन फार जाड आहेत, पण मी त्या वाचणार आणि सिस्टरांचं "हं" आल्याशिवाय एकही चिठ्ठी लावणार नाही. तोवर अभिप्रायांचा विभाग छापू नये. छापायला गेला असेल तर परत मागवावा. ग्रंथाला उशीर झाल्याचा दोष माझ्या नावावर घालावा, आणि वाचनालयाने मला किल्ली मागितली तर सहा कादंबऱ्या झाल्यावर ती मी स्वतः आणून देईन. विभागाच्या सुरुवातीला एकच ओळ मोठ्या अक्षरांत असावी, असं सिस्टरांचं सांगणं आहे: पुस्तक आधी, चिठ्ठी नंतर. आणि ग्रंथाची पहिली प्रत रमजानभाईंना द्यावी, हेही त्यांचंच.

सिस्टरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या कपाटात अजून कितीतरी कादंबऱ्यांचं शेवटचं पान कोरं आहे. मी वाचून दाखवीन, त्या बोलतील, मी लिहीन. पानं संपेपर्यंत त्यांचे कान असेच तिखट राहोत आणि माझं मत त्यांना अधूनमधून चुकीचं वाटत राहो.

ताई, छपाई थांबवली की नाही तेवढं लवकर कळवा. पत्राची वाट बघत बसवत नाही. बोर्लीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दोन शब्द दिलेत तरी मला पोचतील. मी रोज सकाळी थांब्यावर असतो. सोबत पुस्तक असतं.